जुनं पॅरिश चर्च कसं बघायचं: स्टाइलची नावं नंतर, खुणा आधी

जुन्या चर्चमध्ये गेल्यावर बहुतेक जण काय करतात, आत शिरतात, मान वर करून छत बघतात, समोरच्या वेदीचा एक फोटो काढतात, "किती शांत वाटतं ना" म्हणतात आणि सात-आठ मिनिटांत बाहेर. मीपण कितीतरी वर्षं हेच करत होतो, फक्त भर म्हणून घरी येऊन ते बरोक आहे की गॉथिक हे शोधत बसायचो आणि एकदा नाव सापडलं की चर्च समजलं असं मला वाटायचं.

मग एकदा एका चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपायची वाट बघत पुढच्या बाकावर बसलो होतो आणि नजर खाली गेली. वेदीच्या पायरीच्या जरा अलीकडे फरशीत पांढऱ्या संगमरवराची एक पट्टी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिच्यात साधारण वीतभर अंतरावर चौकोनी खड्डे, सिमेंटने बुजवलेले. एका खड्ड्यात सिमेंट उडालं होतं आणि आत काळपट शिसं दिसत होतं. लोखंडी गज दगडात बसवताना पूर्वी वितळवलेलं शिसं ओतायचे, म्हणजे इथे एक कठडा होता! लोक या कठड्याशी गुडघे टेकून परमप्रसाद (कम्युनियन) घ्यायचे, आणि तो कधीतरी काढून टाकला. वर बघितलं तर वाचनासाठीचं स्टँड, म्हणजे अँबो, त्याच पांढऱ्या दगडाचा, पुढच्या बाजूला द्राक्षांची वेल कोरलेली, आणि ती वेल उजव्या कडेला पानाच्या मध्यातच कापलेली. कोण असं अर्धं पान कोरेल? तो कठड्याचाच तुकडा होता.

त्या दिवसापासून मी बघायची पद्धत बदलली. पॅरिश चर्च हे राजवाड्यासारखं एकदा बांधून गोठवलेलं प्रकरण नसतं. लोक तिथे रोज येतात, नियम बदलतात, पैसे येतात, छत गळतं, नवीन फादर येतात आणि त्यांना काहीतरी हलवायचंच असतं. म्हणून प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे: ही कशासाठी होती, आणि आता ती इथे का आहे किंवा का नाही. पुढे जे लिहिलंय ते सगळं या दोन प्रश्नांचीच उत्तरं शोधायची पद्धत आहे.

बरोबर काय घ्यायचं

टॉर्च, छोटी दुर्बीण, वही-पेन्सिल. कंपास फोनमध्ये असतोच. टॉर्च अंधारासाठी नाही हं, अक्षरांसाठी. झिजलेल्या शिलालेखावर समोरून प्रकाश मारला तर काहीच दिसत नाही, पण टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला की प्रत्येक खाचेची सावली पडते आणि जे गुळगुळीत वाटत होतं त्यातून अक्षरं वर येतात. खडूने अक्षरं गिरवू नका, पाणी ओतू नका, कागद ठेवून पेन्सिल घासू नका. आडवा उजेड पुरतो.

आणि मिस्सेच्या वेळा आधी बघून ठेवा. मिस्सा किंवा लग्न चालू असताना फिरायचं नाही, फोटोला आधी विचारायचं, फ्लॅश बंद, वेदीच्या भागात परवानगीशिवाय पाऊल नाही. तुम्ही श्रद्धाळू नसलात तर गुडघे टेकायची सक्ती कोणी करत नाही, पण लोक प्रार्थना करत असताना त्यांच्या आणि वेदीच्या मधून जाऊ नका एवढं साधं आहे.

आधी हे नक्की काय आहे ते ठरवा

कॅथेड्रल, बॅसिलिका, चॅपल, पॅरिश चर्च हे शब्द आपण मोठं-छोटं अशा अर्थाने वापरतो ते चुकीचं आहे. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपची खुर्ची आहे ते चर्च, आकाराचा संबंध नाही. बॅसिलिका हा पोपने दिलेला मान असतो (आणि बांधकामाच्या भाषेत लांबट, खांबांच्या रांगा असलेला हॉल असा जुना रोमन अर्थसुद्धा आहे, त्यामुळे गोंधळ होतो). पॅरिश म्हणजे धर्मग्राम, एका ठरलेल्या हद्दीतले लोक आणि त्यांचे धर्मगुरू, आणि पॅरिश चर्च म्हणजे त्या लोकांचं चर्च. ओळखायची खूण म्हणजे स्नानसंस्काराचं कुंड, बाप्तिस्म्याचं. आजच्या चर्चच्या कायद्यातही, म्हणजे १९८३ च्या संहितेत, प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये कुंड असलंच पाहिजे असं आहे. जन्म, लग्न, मृत्यू या सगळ्याची नोंद इथेच होते म्हणून मला ही चर्चेस मोठ्या कॅथेड्रलपेक्षा जास्त आवडतात, तिथे राजांची थडगी असतात तर इथे सुताराचं नाव सापडतं.

आत जायच्या आधी बाहेरून एक पूर्ण फेरी

हे कोणी करत नाही. दर्शनी भाग हा चर्चचा नटलेला चेहरा असतो, खरी गोष्ट मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर असते कारण तिथे लपवायला कोणी पैसे खर्च करत नाही.

आधी कंपास काढा. जुनी प्रथा अशी की वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला. पण सगळीकडे हे जमलेलं नाही, रोमच्या सेंट पीटर्सचं दारच पूर्वेकडे आहे, आणि शहरात प्लॉट जसा मिळेल तसं बांधलेलं असतं. म्हणून जाणकार लोक वेदीच्या बाजूला सरळ "पूर्व" म्हणतात, मग कंपास काहीही दाखवो. जर चर्च आसपासच्या सगळ्या रस्त्यांना तिरकं बसलेलं असेल आणि नेमकं पूर्वेकडे तोंड करून असेल तर रस्त्यांच्या आधी चर्च होतं का हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

मग दर्शनी भाग. खूप ठिकाणी तुम्हाला खालचा मजला रुंद, वरचा अरुंद आणि दोन्हीला जोडणारी दोन्ही बाजूंची गोल वळलेली नक्षी असा प्रकार दिसेल. ही नक्षी नुसती शोभा नाही. मधला हॉल उंच आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे भाग बुटके असतात, त्यामुळे समोरून इमारतीला खांदे पडल्यासारखं दिसतं, ते झाकायला ही वळणं. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्लावर आल्बेर्तीने हे पंधराव्या शतकात केलं, आणि नंतर रोमच्या जेसू चर्चने ते जगभर नेलं. जेसूचं बांधकाम १५६८ मध्ये विन्योलाच्या आराखड्यावर सुरू झालं, दर्शनी भाग देल्ला पोर्ताचा, १५८४ मध्ये अभिषेक, म्हणजे चर्च उपासनेसाठी विधिवत अर्पण. एकच रुंद हॉल, दोन्हीकडे छोटी चॅपल्स, मध्ये खांबांची गर्दी नाही, सगळ्यांना वेदी दिसावी आणि प्रवचन ऐकू यावं म्हणून. हे एक लक्षात ठेवलं की त्यानंतरची अर्धी-अधिक चर्चेस समजायला लागतात.

टॉवर आणि मुख्य भिंत जिथे भेटतात तिथे जवळ जाऊन बघा. दगडांचे थर एकमेकांत गुंफलेले आहेत का सरळ उभी फट आहे? सरळ फट म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या वेळी बांधलं. टॉवरच्या भिंतीवर कधीकधी उलट्या व्हीसारखी पुसट रेघ दिसते, ती आधीच्या छताची खूण, म्हणजे पूर्वीचं छत किती उंच होतं ते तिथे लिहूनच ठेवलंय. भिंतीत मध्येच कमान आणि आत वेगळ्या दगडाचं भरण दिसलं तर ते बुजवलेलं दार किंवा खिडकी. आणि टॉवर पूर्ण वेगळा, चर्चपासून लांब उभा असेल तर भूकंप आठवा. फिलिपिन्समधल्या पावाय चर्चचा घंटेचा टॉवर असाच बाजूला आहे, हललाच तर चर्चवर पडू नये म्हणून, आणि चर्चच्या बाजूंना जे राक्षसी आधार आहेत ते भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून. लोकांना ते आधार दिसायला बोजड वाटतात, मला तर त्या चर्चमधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

साहित्य काय आहे हेही बघा, कारण हेरिटेज म्हणजे फक्त दगड नाही. चिलीच्या चिलोए बेटांवरची चर्चेस लाकडाची आहेत, त्यातली १६ युनेस्कोने २००० साली यादीत घेतली. पॅरिसजवळच्या ल रॅंसीचं नोत्र दाम वास्तुकार पेरेने १९२३ मध्ये उघड्या काँक्रीटचं बांधलं, आणि आज तेसुद्धा जुनंच म्हणायचं. काँक्रीटची चर्चेस बघायला कोणी जात नाही आणि ती पाडताना कोणी रडत नाही याचं मला वाईट वाटतं, पण असो.

दारावरच्या सालावर विश्वास ठेवू नका

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एका चर्चच्या दारावर दगडात सतराव्या शतकातलं साल स्पष्ट कोरलेलं होतं, मी फोटो काढला, मित्रांना पाठवला, "बघा केवढं जुनं", त्या सालाच्या जोरावर आतल्या कमानींबद्दल दोन परिच्छेद पण लिहिले. नंतर तिथल्या सॅक्रिस्टन काकांनी, म्हणजे जे चर्चची सगळी आतली व्यवस्था बघतात त्यांनी, शांतपणे सांगितलं की हा दगड पहिल्या चर्चचा आहे, ते पडलं, हे नंतर बांधलं आणि आठवण म्हणून जुना दगड लावला. परत जाऊन बघितलं तर दगडाभोवतीची सांधेजोड वेगळी होती, चारी बाजूंनी, अगदी चौकट बसवल्यासारखी. मला दिसलीच नव्हती कारण मी अक्षरं वाचत होतो, दगड बघत नव्हतो.

तेव्हा साल दिसलं की विचारायचं, कशाचं साल? पाया घातल्याचं, अभिषेकाचं, दुरुस्तीचं, का नुसत्या दाराचं. घंटेवर साल असतं ते घंटा ओतल्याचं, वेदीवरचं साल बहुतेकदा सोनेरी मुलामा दिल्याचं निघतं. आणि एक गंमत: लॅटिन ओळीत काही अक्षरं उगाच मोठी किंवा लाल दिसली तर ती कोरणाऱ्याची चूक नसते, ते सालाचं कोडं असू शकतं. रोमन आकड्यांची अक्षरं वेगळी काढायची, एम १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १, आणि सरळ बेरीज करायची. क्रम बघायचा नाही. मी पहिल्यांदा असं साल काढलं तेव्हा लहान मुलासारखा खूश झालो होतो.

चर्चचं नाव मात्र इमारतीपेक्षा जुनं असू शकतं. एकदा अभिषेक झाला की नाव बदलत नाहीत, आजचा नियमही तोच आहे, आणि इमारत पाडून पुन्हा बांधली तरी बहुतेक ठिकाणी तेच नाव पुढे चालतं. थर किती खोल जाऊ शकतात ते बघायचं असेल तर रोमचं सान क्लेमेंते. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली मिथ्र या जुन्या रोमन काळातल्या देवाचं स्थान. खालचं चर्च लोक विसरूनच गेले होते, १८५७ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी खणायला सुरुवात केली तेव्हा ते पुन्हा सापडलं.

आत शिरल्यावर लगेच पुढे पळू नका

पायऱ्या मोजा आधी. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्च कसं बांधावं याच्या बारीक बारीक सूचना काढल्या, त्यात दाराच्या पायऱ्या विषम असाव्यात इथपर्यंत आहे. सगळ्यांनी पाळलं असं नाही पण मोजायला काय जातंय.

दाराजवळच कुंड शोधा. बाप्तिस्मा म्हणजे प्रवेश, म्हणून कुंड दारापाशी. बऱ्याचदा ते अष्टकोनी असतं कारण आठ हा नव्या सुरुवातीचा आकडा, सात दिवसांच्या आठवड्यानंतरचा पुनरुत्थानाचा दिवस. पुष्कळ चर्चमध्ये कुंड ही सगळ्यात जुनी वस्तू असते, भिंती पडल्या, छत जळालं तरी लोकांनी कुंड जपलं. कडेवर हात न लावता टॉर्च आडवा फिरवा, झाकणाच्या कुलपाच्या कड्या बसवल्याच्या खुणा दिसतात का बघा, पवित्र पाणी कोणी चोरून नेऊ नये म्हणून कुलूप लावायचे. कुंड आता वेदीजवळ असेल तर ते हलवलंय, मग दाराजवळच्या फरशीत गोल किंवा अष्टकोनी ठिगळ शोधा. नव्वद टक्के सापडतं (हा आकडा माझा अंदाज बरं का, अभ्यास नाही).

मग मागे वळून वर बघा. गायकांची गॅलरी आणि ऑर्गन. दर्शनी भागाची खिडकी ऑर्गनच्या पाइपांनी अर्धी झाकली असेल तर ऑर्गन नंतर आलाय, कारण खिडकी काढणाऱ्याने ती झाकायला काढली नसणार.

आता खाली, फरशी. जुन्या चर्चमध्ये थडग्यांचे दगड फरशीतच असतात. लॅटिनमध्ये "हिक याचेत" म्हणजे इथे विसावला आहे, "ओबीत" म्हणजे वारला, "एतातिस सुए" नंतर वय. पोर्तुगीजमध्ये "आकी जाझ" किंवा "सेपुल्तुरा". एखाद्या दगडाची ओळ बाकाच्या पायाखाली अर्धीच संपत असेल किंवा दगड उलट्या दिशेने बसला असेल तर फरशी पुन्हा घातली आहे, आणि तो माणूस त्या दगडाखाली असेलच असं नाही.

भिंतींवर दोन गोष्टी मोजायच्या. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या टप्प्यांची, १४ स्थानं, हा आकडा पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये पक्का केला. चित्रं कितीही सुंदर असली तरी नियमाप्रमाणे महत्त्वाचा असतो तो वरचा छोटा लाकडी क्रूस, चित्र नसलं तरी चालतं. म्हणून चित्रं नवी पण क्रूस जुनेच असं खूपदा दिसतं. दुसरी गोष्ट म्हणजे अभिषेकाचे क्रूस, भिंतीवर १२, रंगवलेले किंवा कोरलेले, प्रत्येकाखाली मेणबत्तीसाठी जागा. हे असतील तर चर्चचा विधिवत अभिषेक झालाय. हल्ली चारही चालतात. बारापैकी नऊच सापडले तर बाकीचे तीन कुठल्या भिंतीबरोबर गेले याचा विचार करा.

प्रवचनाचा उंच मंच हॉलच्या मध्यावर एका बाजूला का असतो? कारण माइक नव्हता! डोक्यावरचं लाकडी छप्पर आवाज खाली लोकांकडे परतवायला. बहुतेकदा हा मंच वेदीकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला असतो, त्या बाजूला शुभवर्तमानाची बाजू म्हणतात. जिना काढून टाकलेला आणि मंच हवेत लटकलेला असेल तर तो आता फक्त शोभेचा. जाळी आणि पडदा असलेलं कन्फेशनचं लाकडी कपाट पण कायमचं नव्हतं, ते पसरलं सोळाव्या शतकाच्या शेवटाला आणि त्यात पुन्हा बोर्रोमेओंचाच हात.

वेदी, इथे अर्धा तास द्या

सगळ्यात मोठी उलथापालथ इथे होते, त्यामुळे इथेच सगळ्यात जास्त वाचायला मिळतं. दोन तारखा लक्षात ठेवल्या की काम झालं.

पहिली, कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद, १५४५ ते १५६३. तिच्यानंतर हळूहळू परमप्रसादाची पेटी, टॅबरनॅकल, मुख्य वेदीवर मधोमध आली, आणि तिच्यामागे मजल्यावर मजले चढवलेली सोनेरी भिंत, रेताब्लो, छतापर्यंत गेली. सगळ्यांचे डोळे तिथे जावेत हाच हेतू. त्याआधी ही पेटी अनेक ठिकाणी बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायची. वेदीच्या डाव्या भिंतीत छोटं कपाटासारखं बंद दार, आता रिकामं, दिसलं तर ती जुनी जागा असू शकते. उजव्या भिंतीत खाली भोक असलेलं उथळ दगडी भांडं दिसलं तर ते हात आणि पात्रं धुतलेलं पाणी थेट जमिनीत सोडायला, ते पाणी गटारात जायला नको म्हणून.

दुसरी, दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते १९६५. १९६४ च्या सूचनेत असं आलं की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा करता येईल. झालं, जगभर नवीन वेद्या आल्या. कुठे जुन्या वेदीपुढे साधं टेबल मांडलं, कुठे जुनीच वेदी कापून पुढे ओढली, कुठे कठडे निघाले, कुठे अख्खा रेताब्लो निघाला.

आता माझं मत. लोक सगळा दोष परिषदेवर टाकतात, पण परिषदेने तोडा असं म्हटलंच नव्हतं. परिषदेच्याच १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात बिशपांना सांगितलंय की मौल्यवान वस्तू विकल्या किंवा विखुरल्या जाणार नाहीत याची नीट काळजी घ्या. तोडणाऱ्यांनी घाई केली, आणि काही ठिकाणी तर जुनं काढायला निमित्तच हवं होतं. दुसऱ्या बाजूने, जे म्हणतात की सगळं १९६० च्या आधीसारखं परत लावा, त्यांना मी विचारतो, नेमकं कुठल्या सालासारखं? कठडा लावला जाण्याआधीसुद्धा तिथे काहीतरी होतंच की.

खुणा कशा शोधायच्या: वेदीच्या पायरीचा दगड आणि बाकीच्या पायऱ्यांचा दगड एकच आहे का, फरशीचं डिझाइन वेदीच्या आधी मध्येच तुटतं का, लोंबणारा दिवा वेदीवर येतो का तिच्या दोन हात मागे (दिवा हलवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे तो जुन्या जागेचा साक्षीदार). रेताब्लोच्या मधल्या कोनाड्यात चर्चच्या नावाचाच संत आहे का तेही बघा. नसेल तर मूर्ती बदलली आहे किंवा अख्खी वेदी दुसऱ्या चर्चमधून आली आहे, दोन्ही घडतं.

संत ओळखायचे हातातल्या वस्तूवरून. किल्ल्या म्हणजे पेत्र, तलवार म्हणजे पौल, मोडकं चाक म्हणजे कॅथरिन, लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स, ताटलीत डोळे म्हणजे लुसी, मांडीवर जखम आणि शेजारी कुत्रा म्हणजे रोक, लिली आणि बाळ येशू म्हणजे पादुआचा अंतोन. पण वस्तूंपेक्षा स्थानिक कारागिराने काय घुसडलं ते शोधण्यात जास्त मजा. फिलिपिन्सच्या मियागाव चर्चच्या दर्शनी भागावर सेंट ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन चाललाय, आणि आजूबाजूला नारळ, पपई, पेरू. युरोपातून आलेल्या गोष्टीत कोरणाऱ्याने आपली झाडं लावून टाकली.

ऐकलेल्या गोष्टींपैकी दोन सोडून द्या. जुनी काच खाली जाड असते कारण काच हळूहळू वाहते, हे खोटं. हाताने बनवलेली काच मुळातच कमी-जास्त जाडीची असायची. आणि वेदीचा भाग जरा वाकडा असतो तो क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या कललेल्या मानेसारखा मुद्दाम, हेही ऐकायला छान आहे पण बहुतेकदा कारण इतकंच असतं की दोन भाग वेगळ्या काळात बांधले आणि रेघ चुकली. भुयाराबद्दल मी काही बोलत नाही, प्रत्येक चर्चला भुयार असतंच म्हणे.

कागद

इमारत बघून झाली की वहीतले प्रश्न घेऊन पॅरिश ऑफिसला जा. सरळ "इतिहास सांगा" म्हणू नका, तीच छापील माहिती मिळेल. "कठडा कधी काढला", "घंटा कोणी दिली" असं विचारा. मागायच्या गोष्टी: जमाखर्चाच्या वह्या, बिशपच्या भेटीचे अहवाल, बंधुसंघांच्या (चर्चमधल्या भक्तमंडळांच्या) वह्या, आणि लोकांच्या घरातले लग्नाचे फोटो. शेवटचं सगळ्यात कामाचं. वधूवरांच्या मागे १९५० सालची अख्खी वेदी फुकटात मिळते.

रजिस्टरं बघायला मिळाली तर नशीब. ट्रेंटने १५६३ मध्ये लग्नाची नोंदवही सक्तीची केली, १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच प्रकारच्या वह्यांचे नमुने दिले: बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्न, पॅरिशमधल्या लोकांची यादी आणि मृत्यू. नावं लॅटिनमध्ये असतात, योआनेस म्हणजे जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स, लुदोविकुस म्हणजे लुईस, आणि वाक्यात शेवट बदलतो म्हणून योआनिस दिसलं की वेगळा माणूस समजू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पण बघा, १९०८ पासून लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी करायचा नियम आला, त्यामुळे माणूस कुठे जाऊन लग्न करून स्थायिक झाला ते तिथे मिळतं. अलीकडच्या नोंदी जिवंत माणसांच्या असतात, त्या कोणी दाखवल्या नाहीत तर रागावू नका, नाही दाखवत हेच बरोबर आहे.

तुम्ही पॅरिशच्या कमिटीवर असाल तर

हे जरा कळकळीने लिहितोय. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंट किंवा चकचकीत ऑइल पेंट लावला की ओल आत अडकते, मग लोणा लागतो, दगडाचा भुगा व्हायला लागतो आणि दोन वर्षांत तेच कंत्राटदार परत तेच काम करायला येतात. आणि उलट चूकही करू नका, दगड छान दिसतो म्हणून जुनं प्लास्टर खरवडणं. गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकाचं प्लास्टर १९५० च्या दशकात काढलं, आज तो लाल जांभा लोकांना "ओरिजिनल लुक" वाटतो, पण जांभा उघड्यावर पावसात झिजतो, प्लास्टर हा त्याचा रेनकोट होता.

खर्च कुठे करायचा विचाराल तर आधी छत आणि पन्हळी. एक तुंबलेली पन्हळ जितकं नुकसान करते तितकं शंभर वर्षांची भक्तगर्दी करत नाही. भिंतीत उगवलेलं झाड खेचून काढू नका, मुळांबरोबर दगड येतो. मूर्ती रंगवायला साइनबोर्डवाल्याला देऊ नका, खाली जुने रंगाचे थर असतात, एकदा घासले की गेले. आणि वस्तूंची यादी करा, प्रत्येकीचा चारी बाजूंनी फोटो, माप, कुठे ठेवलीय ते. चर्चच्या कायद्यात तशीही मालमत्तेची यादी ठेवायला सांगितलीच आहे, पण फोटोशिवायची यादी चोरी झाल्यावर पोलिसांना काही कामाची नसते. "चांदीचा मेणबत्ती स्टँड, दोन" एवढ्यावरून कोण काय शोधणार?

सगळ्यात शेवटी, निघताना, वेदीमागची खोली दाखवता का म्हणून विचारा. सॅक्रिस्टी. तिथे पुजाऱ्यांची वस्त्रं असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण कपाटांच्या मागे आणि वर काय पडलंय ते बघा, कारण चर्चमधून काढलेली वस्तू सहसा फेकत नाहीत, "राहू दे, लागेल कधीतरी" म्हणून आत नेऊन ठेवतात. मी सुरुवातीला सांगितलं ना, त्या कठड्याच्या चर्चमध्ये मी तिसऱ्या खेपेला ही खोली बघायला मागितली. काकांनी कुलूप काढलं, ट्यूबलाइट लावली. वस्त्रांच्या मोठ्या कपाटाच्या मागे, भिंतीला टेकवून, लोखंडी जाळीचं गुडघाभर उंचीचं छोटं फाटक होतं, मधोमध द्राक्षांची तीच वेल, आणि त्यावर फुलं सजवायची ओली फडकी वाळत घातली होती.